प्रकल्पाच्या गरजा जाणून घेण्यासाठी सामूहिक खेळ : सोलापुरातील उद्योग व संस्थांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामूहिक खेळांचा प्रकल्पाच्या गरजांशी संबंध काय?

कारखान्यासाठी नवी संगणकप्रणाली घ्यायची असो, गोदामाची फेररचना करायची असो किंवा बाजार समितीच्या आवक-नोंदी संगणकावर आणायच्या असोत, त्या कामासाठी पैसे देणारे, ते रोज वापरणारे आणि त्याचा बरावाईट परिणाम ज्यांच्यावर होणार ते, अशा सर्व हितसंबंधी मंडळींकडून अपेक्षा समजून घेणे ही प्रकल्पाची पहिली पायरी असते. रूढ पद्धतीत यासाठी मुलाखती घेतल्या जातात किंवा प्रश्नावली भरून घेतली जाते. परंतु ‘तुम्हाला काय हवे?’ असा सरळ प्रश्न विचारला, की दोनच प्रकारची उत्तरे येतात : ‘आहे ते बरे चालले आहे’ किंवा ‘सगळेच हवे’. या दोन्ही उत्तरांवरून काहीही बांधता येत नाही.

खेळामुळे या प्रश्नाला एक मर्यादा मिळते. हातातले खोटे पैसे मोजकेच असतात, खोक्यावर लिहायला जागा थोडी असते, वेळ ठरलेला असतो. मर्यादा आली की निवड करावी लागते आणि निवड करताना माणूस ‘हे का हवे’ ते शेजाऱ्याला पटवून देऊ लागतो. हे पटवून देणे ऐकण्यासाठीच खेळ मांडायचा असतो. कोण जिंकले याला येथे काहीही महत्त्व नाही.

चाटी गल्लीच्या कापडबाजारात किंवा एमआयडीसीत उभे आयुष्य घालवलेल्या व्यापाऱ्यांना हा पोरखेळ वाटणार नाही का?

‘खेळ’ म्हणून निमंत्रण दिले तर वाटेल, आणि ते योग्यच आहे. निमंत्रणात ‘कामाच्या गरजा ठरवण्याची बैठक’ असे लिहावे आणि खेळाचे नियम बैठकीत बसल्यावर दोन मिनिटांत सांगावेत. एकदा खोट्या नोटा हातात पडल्या, की घासाघीस करण्यात मुरलेली व्यापारी मंडळी या कामात इतरांपेक्षा पटकन रमतात.

ही पद्धत हौशी नाही, हेही गरज पडल्यास सांगावे. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अॅनालिसिस या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत सहयोगी खेळांचा समावेश व्यवसाय-विश्लेषणाच्या मान्य तंत्रांत केला आहे. सॉफ्टवेअर क्षेत्रातील लेखक ल्यूक होमन यांनी त्याआधीच, २००६ मध्ये, ग्राहकांची गरज ओळखण्यासाठी अशा १२ खेळांचा संच पुस्तकरूपाने मांडला होता. अमेरिकेतील सॅन होजे महापालिकेने २०११ मध्ये नागरिकांना एकत्र बसवून अंदाजपत्रकातील कोणत्या कामांना पैसे द्यावेत हे अशाच एका खेळातून विचारले.

कोणता खेळ कोणत्या कामासाठी निवडावा?

नव्या गोष्टीची कल्पनाच अजून धूसर असेल तर ‘प्रॉडक्ट बॉक्स’ हा खेळ घ्यावा. प्रत्येक गटाला एक कोरा खोका द्यायचा आणि सांगायचे, की तुम्हाला हवी असलेली प्रणाली या खोक्यातून दुकानात विकायला ठेवली आहे, तर खोक्यावर नाव काय असेल, पुढच्या बाजूला कोणती दोन-तीन वैशिष्ट्ये मोठ्या अक्षरांत असतील आणि मागच्या बाजूला काय असेल ते लिहा. त्यानंतर प्रत्येक गटाने तो खोका इतरांना ‘विकून’ दाखवायचा. सोलापुरात टॉवेलच्या पॅकिंगचे रिकामे खोके मुबलक मिळतात. त्यांवर पांढरा कागद चिकटवला की साहित्याचा प्रश्न मिटतो.

सध्याच्या व्यवस्थेतील तक्रारी काढायच्या असतील तर ‘स्पीड बोट’ हा खेळ प्रसिद्ध आहे. मूळ खेळात फळ्यावर एक बोट काढतात आणि तिला अडवून धरणारे नांगर म्हणून तक्रारींच्या चिठ्ठ्या खाली लावतात. नांगर जितका खोल, तितकी अडचण मोठी. समुद्राचा संबंध नसलेल्या आपल्या जिल्ह्यात बोटीऐवजी उसाने भरलेली ट्रॉली काढावी आणि चाकाखालच्या दगडांवर तक्रारी लिहून घ्याव्यात, असे मी सुचवतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात रुतलेली ट्रॉली कोणाला समजावून सांगावी लागत नाही. या खेळाचा खरा गुण असा, की तक्रार माणसाकडे न जाता चित्राकडे जाते. ‘दिवाणजी वेळेवर हिशेब देत नाहीत’ असे म्हणण्याऐवजी ‘हिशेब उशिरा मिळतो’ असा दगड ठेवला जातो आणि दिवाणजी स्वतः उठून त्या दगडाखाली आणखी एक दगड ठेवतात : ‘मागावरच्या नोंदी माझ्याकडे संध्याकाळपर्यंत येत नाहीत.’

‘रिमेंबर द फ्युचर’ या खेळात भविष्यकाळ भूतकाळात बोलायचा असतो. ‘पुढच्या वर्षीची गड्डा यात्रा नुकतीच पार पडली आहे, प्रणाली सुरू होऊन सहा महिने झाले आहेत आणि तुम्ही समाधानी आहात, या सहा महिन्यांत तिने तुमच्यासाठी नेमके काय केले ते सांगा,’ असा प्रश्न विचारतात. ‘काय करायला हवे’ यापेक्षा ‘काय केले’ असे विचारल्यावर लोक अधिक तपशिलात शिरतात. सोलापूरकरांच्या वर्षाची मोजणी बरीचशी गड्ड्याने, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेने, होते, म्हणून तारीख सांगण्यापेक्षा ही खूण बरी.

गरजांची यादी तयार आहे, पण प्राधान्य ठरत नाही, अशा वेळी ‘बाय अ फीचर’ घ्यावा. त्याविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

‘बाय अ फीचर’मध्ये किमती आणि पैसे कसे ठरवावेत?

या खेळात प्रत्येक वैशिष्ट्याला किंमत लावतात, खेळणाऱ्यांना मोजके खोटे पैसे देतात आणि त्यांनी आपसात बोलून हवी ती वैशिष्ट्ये विकत घ्यायची असतात. किंमत मनाला येईल ती लावू नये. ते वैशिष्ट्य तयार करायला लागणाऱ्या श्रमांच्या प्रमाणात ती असावी, म्हणून प्रणाली तयार करणाऱ्या विकासकांना आधी विचारावे लागते. एकूण पैसे हे एकूण किमतीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मे असावेत, आणि सर्वांत महाग वस्तू कोणालाही एकट्याने घेता येऊ नये.

एक उदाहरण पाहू. समजा, १२ वैशिष्ट्ये आहेत, त्यांची एकूण किंमत १,२०० रुपये आहे आणि सर्वांत महाग वैशिष्ट्य २०० रुपयांचे आहे. सहा जणांना प्रत्येकी ८० रुपये दिले तर टेबलावर ४८० रुपये, म्हणजे एकूण किमतीच्या ४० टक्के, येतात. २०० रुपयांची वस्तू दोघांनी मिळूनही, १६० रुपयांत, घेता येत नाही. तिसरा माणूस गळाला लावावाच लागतो. त्या तिसऱ्याला पटवताना जे बोलले जाते ते शब्दशः टिपून घ्यायचे. बैठकीच्या शेवटी कोणते वैशिष्ट्य विकले गेले हे फळ्यावर दिसतेच. ते का विकले गेले हे मात्र टिपणाऱ्याच्या वहीशिवाय कोठेही राहत नाही.

कायद्याने करावयाच्या गोष्टी या बाजारात ठेवू नयेत. जीएसटीचे बिल, ई-वे बिल किंवा ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झालेले ई-इन्व्हॉइस या गोष्टी कोणी विकत घेतल्या नाहीत म्हणून वगळता येणार नाहीत. त्या आधीच बाजूला काढून ‘या होणारच आहेत’ असे सांगून टाकावे.

मालकांसमोर कामगार मोकळेपणाने बोलतील का?

नाही. तशी अपेक्षाही धरू नये. मालकांनी ‘अरे बोला, मी काही म्हणणार नाही’ असे सांगितल्याने परिस्थिती सुधारत नाही, उलट सगळे अधिक सावध होतात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, सुरुवातीचा काही वेळ कोणीही न बोलता प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि मग त्या सर्वांच्या एकत्र मिसळून फळ्यावर लावायच्या. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिठ्ठ्या लावण्याच्या पद्धतीत गटवारीही न बोलता करतात. सारखा आशय असलेल्या चिठ्ठ्या जवळ सरकवत गेले की कोणाच्या मनात काय आहे याचे पुंजके आपोआप दिसू लागतात. दुसरा उपाय, फळ्यावर रंगीत ठिपका चिकटवून मत देताना सर्वांत कनिष्ठ माणसाने आधी आणि मालकांनी सर्वांत शेवटी मत द्यावे. मोठ्या माणसाचा ठिपका एकदा फळ्यावर पडला की उरलेले ठिपके त्याच्याभोवती गोळा होतात. तिसरा, मालकांना सुरुवातीच्या दहा मिनिटांसाठी आणि शेवटच्या अर्ध्या तासासाठीच बोलवावे. सुरुवातीला ते हे काम का करायचे ते सांगतात आणि शेवटी जे निघाले ते पाहतात. मधल्या वेळात ते उपस्थित नसल्याने त्यांचा मान कमी होत नाही, हे मात्र त्यांना आदल्या दिवशी स्वतः भेटून समजावून सांगावे. फोनवर सांगितलेले पुरत नाही.

चिठ्ठीवरील अक्षर ओळखू येते अशी शंका लहान कारखान्यात नेहमी निघते आणि ती खरी असते. अशा ठिकाणी एकाच माणसाने सर्वांच्या चिठ्ठ्या उतरवून काढाव्यात.

कोणी तेलुगू बोलते, कोणी कन्नड, काहींना लिहिता येत नाही. अशा गटात हे कसे जमवावे?

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यात हा प्रश्न अपवाद म्हणून येत नाही. तेथे तो रोजचाच आहे. मराठीत बोलण्याचा आग्रह धरला तर ज्याला माग सर्वांत जास्त कळतो तोच माणूस गप्प बसण्याची शक्यता असते. ज्याला ज्या भाषेत सुचते त्या भाषेत बोलू द्यावे आणि दोन्ही भाषा येणारा कारखान्यातलाच एखादा माणूस टिपणासाठी बसवावा. बाहेरचा दुभाषी आणल्यास त्याला बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला मोठा रूळ), बॉबिन, जॉबर (माग चालते ठेवणारा कारागीर) हे शब्द माहीत असले तरी त्या कारखान्यातली कामाची रीत माहीत नसते आणि भाषांतर गुळगुळीत होते.

लिहिण्याऐवजी चित्र काढणे किंवा वस्तू ठेवणे हे बहुतेक खेळांत चालते. ट्रॉलीच्या चाकाखाली खरोखरचा खडा ठेवता येतो आणि विकत घेण्याच्या खेळात वैशिष्ट्याच्या नावासोबत साधे चित्र काढता येते. आकडे आणि नोटा सर्वांनाच कळतात.

बैठकीला कोणाकोणाला बोलवावे?

एका टेबलावर पाच ते आठ माणसे असावीत. त्याहून अधिक झाली तर दोन टेबले करावीत. टॉवेलच्या कारखान्यात मालक, दिवाणजी, जॉबर, विणकर, पॅकिंग पाहणारे आणि माल उचलणारा व्यापारी किंवा त्याचा माणूस एवढी मंडळी आली की बहुतेक बाजू येतात. जो माणूस हमखास विसरला जातो तो म्हणजे जुनी वही सांभाळणारा. नवी प्रणाली त्याच्या वहीची जागा घेणार असते आणि त्या वहीच्या समासात काय काय लिहिलेले असते हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते.

कृषी उत्पन्न बाजार समितीसारख्या ठिकाणी प्रश्न अधिक नाजूक होतो. कांद्याच्या लिलावात शेतकरी, अडते, खरेदीदार, हमाल, तोलार आणि समितीचे कर्मचारी असे घटक असतात, आणि त्यांचे हितसंबंध एकमेकांच्या विरोधात जातात. हमाल आणि अडते यांना पहिल्याच दिवशी एका टेबलाशी बसवू नये. आधी स्वतंत्र गट घ्यावेत आणि नंतर ‘फिशबाऊल’ पद्धतीने एक गट आतल्या वर्तुळात बोलेल व दुसरा बाहेरच्या वर्तुळात बसून केवळ ऐकेल अशी मांडणी करावी. ऐकणाऱ्यांना मध्ये बोलण्याची परवानगी नसते. या एका नियमामुळे वर्षानुवर्षे शेजारी काम करणाऱ्यांनाही समोरच्याची बाजू पहिल्यांदाच अखेरपर्यंत ऐकायला मिळते. हिवाळ्यात आवकेच्या भरात मात्र अशी बैठक ठेवू नये, कोणीही येणार नाही.

खेळातून जे निघाले तेच गरजा म्हणून लिहून काढायचे का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बहुतेक प्रकल्प येथेच घसरतात. खेळ संपल्यावर फळ्याचे छायाचित्र काढून, चिठ्ठ्यांवरील मजकूर तक्त्यात भरून ‘रिक्वायरमेंट’ म्हणून विकासकांकडे पाठवला जातो. त्या तक्त्यात इच्छा असतात, गरजा नसतात.

समजा, टॉवेलच्या कारखान्यातील प्रॉडक्ट बॉक्सवर तीनही गटांनी ‘मोबाईल अॅप’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले. ही गरज नाही. प्रत्येक गटाला विचारावे : अॅप उघडल्यावर पहिल्या पानावर काय दिसेल? मालक म्हणतील, आज किती माल तयार झाला. माल उचलणारा व्यापारी म्हणेल, माझ्या पार्टीची ऑर्डर कोणत्या मागावर लागली आहे. जॉबर कदाचित म्हणेल, की मला अॅप नकोच, कोणत्या मागावरचे बीम आज संपणार ते सकाळी कळले तरी पुरे. एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गरजा होत्या, आणि त्यांतील तिसरीला मोबाईलही लागत नव्हता. मागाशेजारी लावलेला एक फलक किंवा छापील यादी तिला पुरेशी होती.

तेथेही थांबू नये. बीम संपण्याची सूचना का हवी, हे विचारले की पुढचे पान उघडते. बीम संपल्यावर नवे बीम तयार नसेल तर ते चढेपर्यंत माग उभा राहतो. म्हणजे सूचना जॉबरला मिळून भागणार नाही, ती बीम तयार करणाऱ्याला आधी मिळायला हवी, आणि रंगीत सूत बाहेरून रंगवून येत असेल तर त्याहूनही आधी. आता गरज अशी लिहिता येते : ‘प्रत्येक मागावरील बीमवर किती लांबीचे सूत शिल्लक आहे याचा अंदाज प्रणालीने आदल्या पाळीत बीम तयार करणाऱ्या विभागाला दाखवावा.’ हे वाक्य कोणत्याही चिठ्ठीवर नव्हते. ते चिठ्ठीनंतरच्या पाच मिनिटांच्या बोलण्यातून आले.

म्हणून प्रत्येक गरजेपुढे चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : ती कोणत्या भूमिकेतल्या माणसाकडून आली, त्याचे मूळ शब्द काय होते, कारण काय सांगितले, आणि ती पूर्ण झाली हे कसे तपासायचे. चौथी गोष्ट लिहिता येत नसेल तर ती गरज अजून पिकलेली नाही असे समजावे. हे लेखन बैठकीच्या दिवशीच संध्याकाळी करावे, कारण दोन दिवसांनी चिठ्ठी आठवते आणि बोलणे विसरते.

दोन गटांच्या मागण्या परस्परविरोधी निघाल्या तर?

खेळ विरोध उघड करतो, तो मिटवत नाही. व्यापाऱ्याला मागावरची स्थिती प्रत्यक्ष हवी असते आणि मालकांना ती बाहेर दिसू नये असे वाटते. अशा वेळी मतदानाने निर्णय घेऊ नये. अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने निर्णय घ्यावा आणि तो निर्णय, त्याचे कारण व नाकारलेली बाजू लिहून ठेवावी.

कोणत्या गरजा खेळातून कधीच कळत नाहीत?

माहितीची सुरक्षितता, रोजची बॅकअप प्रत, एकाच वेळी किती जण काम करतील, वीज किंवा इंटरनेट गेल्यावर काय होईल, या बाबी कोणी खोक्यावर लिहीत नाही आणि विकतही घेत नाही. त्या गृहीत धरलेल्या असतात. त्यासाठी खेळ थोडा उलटा करता येतो : ‘प्रणाली सपशेल अपयशी ठरली आहे, का ठरली ते प्रत्येकाने लिहा,’ असे सांगितले की ‘लाइट गेली आणि दिवसभराच्या नोंदी गेल्या’ यासारखी उत्तरे येतात. तरीही यादी पूर्ण होत नाही. तांत्रिक माणसाने स्वतंत्रपणे बसून ती पूर्ण करावी लागते.

जुन्या पद्धतीतील बारकावेही खेळात येत नाहीत. त्यासाठी पॅकिंगच्या टेबलाशेजारी दिवसभर उभे राहून काम पाहण्याला पर्याय नाही.

ऑनलाइन घेतले तर चालते का?

दूरचे खरेदीदार असतील तर चालवून घ्यावे. व्हॉट्सअॅपच्या गटातील मतचाचणीला मात्र खेळ समजू नये. तेथे कोणी कशाला मत दिले हे सामान्यतः गटाला दिसते आणि त्यामागचे बोलणे मुळीच मिळत नाही.

जागा, वेळ आणि खर्च किती?

मालकांच्या केबिनमध्ये बैठक घेऊ नये. पॅकिंगचा हॉल किंवा कॅन्टीन योग्य. फक्त मागांच्या आवाजापासून दूर असावे. एका खेळाला दीड ते दोन तास लागतात आणि एका दिवसात दोनपेक्षा अधिक खेळ घेतल्यास दुसऱ्यानंतर लोक काहीही लिहून मोकळे होतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत सुरुवात करावी, सोलापूरचे दुपारचे ऊन कोणत्याही नियोजनाला जुमानत नाही. साहित्याला कागद, स्केचपेन, रंगीत ठिपके आणि रिकामे खोके एवढेच लागते. खरा खर्च आठ माणसे दोन तास कामावरून काढण्याचा आहे. तासावर किंवा नगावर मजुरी असलेल्यांना त्या वेळेची मजुरी मिळेल हे आधीच ठरवून जाहीर करावे, अन्यथा विणकर घड्याळाकडे पाहत बसेल.

हे खेळ कधी घेऊ नयेत?

निर्णय आधीच झाला असेल तेव्हा. प्रणाली विकत घेऊन झाली आहे आणि केवळ सर्वांना विचारल्याचे दाखवायचे आहे, अशा बैठकीत लोकांना ते लगेच कळते आणि पुढच्या खऱ्या बैठकीलाही ते मनापासून येत नाहीत. मजुरीवरून किंवा बोनसवरून वाद पेटलेला असताना, आणि निविदेत प्रत्येक अट आधीच ठरलेली असतानाही टाळावे.

बैठक कोणी चालवावी?

ज्याला निकालाशी देणेघेणे नाही अशा माणसाने. प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे सूत्रे दिली तर प्रत्येक दगडावर त्याच्याकडे उत्तर तयार असते आणि ऐकणे बाजूला राहते. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी टिपणाच्या कामाला चांगले उपयोगी पडतात, परंतु त्यांना आदल्या दिवशी कारखाना फिरवून दाखवावा. चालवणारा आणि टिपणारा हे दोन वेगळे लोक असावेत.

एका प्रकल्पात किती वेळा खेळ घ्यावेत?

सुरुवातीला तक्रारींचा आणि कल्पनेचा असे दोन, गरजांची यादी झाल्यावर प्राधान्याचा एक. पहिला भाग प्रत्यक्ष वापरात आल्यावर महिन्याभराने ट्रॉलीचे तेच चित्र पुन्हा काढून त्याच माणसांना दगड ठेवायला सांगावे. जे जुने दगड पुन्हा त्याच जागी ठेवले जातील, त्या गरजा चुकीच्या समजल्या गेल्या होत्या किंवा पूर्ण झालेल्या नाहीत, आणि पुढच्या टप्प्याच्या यादीत त्यांना सर्वांत वर घ्यावे.